पंडितेने कुणाला शिकवायचं?

पंडिता रमाबाई म्हटलं की आपल्याला शारदा सदन आणि केडगावचं मुक्ती मिशन आठवतं. पण इंग्लंडात राहणाऱ्या आपल्या मंडळींना चेल्टनहॅमची गोष्टही माहीत असायला हवी.

१८८३ साली पंचविशीतल्या विधवा रमाबाई चिमुकल्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला आल्या. डॉक्टर व्हायचं होतं, पण कानांनी दगा दिला. त्याच वर्षी वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकू आणि शिकवू लागल्या. तिथल्या मुख्याध्यापिका डोरोथिया बील यांना वाटलं, रमाबाईंनी तरुण मुलग्यांनाही शिकवावं.

झालं! लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात तिची पत जाईल, असा त्यांचा सूर होता. म्हणजे पुन्हा आपलं तेच, लोक काय म्हणतील!

गंमत बघा. याच रमाबाईंना १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी पारखून 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं होतं. सभांमधून त्या पुरुषांसमोर बोलत आल्या होत्या. मे १८८५ मध्ये त्यांनी बीलबाईंना कळवलं, की आई आणि मी तरुणांना शिकवत असू, तेव्हा वडिलांनी किंवा नवऱ्याने कधी आडकाठी केली नाही. इथले काही लोक करतात, याचं नवल वाटतं. धर्म स्वीकारला, म्हणून स्वतःची सदसद्विवेकबुद्धी कुणाच्या हवाली केली नाही, हेही त्यांनी मठातल्या गुरुभगिनीला स्पष्ट सांगितलं.

मुळात हा वाद फार जुना. स्त्रीने पुरुषांना शिकवू नये, याला पौलाच्या पत्राचा आधार देतात. उलट बाजू विचारते, येशूच्या पुनरुत्थानाची बातमी शिष्यांना आधी दिली कुणी? मरीया मग्दालियाने!

रमाबाईंना धर्मगुरूची दीक्षा कधीच मिळाली नाही. पण त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर भाषांतर पुरं झालं होतं. त्याची छपाईही मुक्तीतल्या बायकांनीच केली.

इंग्लंडच्या चर्चने पहिल्या स्त्रियांना पुरोहितपदाची दीक्षा दिली ती १९९४ साली, चेल्टनहॅमहून फार लांब नसलेल्या ब्रिस्टलमध्ये. पहिली स्त्री बिशप झाली २०१५ साली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदी सेरा मुलाली यांची निवड जाहीर झाली. वाद अजून मिटलेला नाही. रोमन कॅथलिक चर्च स्त्रियांना ही दीक्षा देत नाही.

चेल्टनहॅमला गेलात तर मुलांना ही गोष्ट जरूर सांगा. तिथे आपल्या एका बाईने हा प्रश्न एकशेचाळीस वर्षांपूर्वीच विचारला होता.