वाई क्षेत्र : विराटनगरीची कथा आणि घाटांचा इतिहास

वाई हें सातारा जिल्ह्यांतील कृष्णातीरावरचें लहानसें गांव. महाबळेश्वराच्या डोंगरांत उगम पावलेली कृष्णा अरुंद खोऱ्यांतून बाहेर पडून येथें कांहींशी संथ होते. तिच्या कांठीं घाट व देवालयें यांची जी रांग उभी आहे, तीमुळें या गांवास दक्षिणकाशी हें नांव पडलें. परंतु वाईच्या मनुष्यास गांवचा मोठेपणा विचारल्यास तो घाटांपासून सहसा आरंभ करीत नाहीं. “ही विराटाची नगरी, पांडवांनीं अज्ञातवास येथें काढला,” असें तो प्रथम सांगतो. जवळच पांडवगड आहे, लोहारें गांवाजवळ ‘पांडवलेणीं’ आहेत. मग शंका कशाची?

प्रस्तुत लेखकानेंहि एका विद्यालयांत संस्कृत शिकवितांना तीस वर्षांहून अधिक काळ हेंच सांगितलें. एकदां वर्गांतील एका मुलानें उभें राहून विचारलें, “गुरुजी, विराट मत्स्य देशाचा राजा ना? मग मत्स्य देश महाराष्ट्रांत होता काय?” प्रश्न रास्त होता. मीं त्यास “खालीं बैस” एवढेंच उत्तर दिलें. तें उत्तर पुढें मला पुष्कळ वर्षें सलत राहिलें. सेवानिवृत्तीनंतर ग्रंथ पुन्हां उघडले, आणि जें आढळलें तें येथें मांडीत आहें. उशिरां कां होईना, त्या मुलाच्या प्रश्नाचें हें उत्तर होय.

१. विराट कीं वैराज?

प्रथम ग्रंथाचें प्रमाण पाहूं. विराटपर्वांत पांडवांचा मार्ग स्पष्ट दिला आहे. ते यमुनेच्या दक्षिण तीरानें निघाले. दशार्ण दक्षिणेस व पांचाल उत्तरेस ठेवून, यकृल्लोम व शूरसेन यांच्या मधून मत्स्य देशांत शिरले. शूरसेन म्हणजे मथुरेचा प्रांत. अर्थात् मत्स्य देश त्याच्या लगत असला पाहिजे. राजस्थानांत जयपूरजवळ बैराट नांवाचें गांव आहे, अशोकाच्या लेखांमुळें तें संशोधकांस परिचित आहे, आणि विराटाची राजधानी तेथेंच होती असें विद्वान् मानतात. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें विराटपर्वाची चिकित्सक आवृत्ति १९३६ सालीं डॉ. रघुवीर यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध केली. त्या शोधित पाठांतहि हा मार्ग उत्तरेकडचाच आहे. कृष्णातीराचा त्यांत संबंध नाहीं.

मग ही समजूत कशी उत्पन्न झाली? वाईस संस्कृत परंपरेंत ‘वैराजक्षेत्र’ म्हणतात. वैराज हा शब्द विराज् या जकारान्त शब्दापासून तद्धित प्रत्ययानें होतो. विराज् म्हणजे आदिपुरुष. आणि या शब्दाची प्रथमा ‘विराट्’ अशी होते. मत्स्यराजाचें नांव मात्र अकारान्त विराट असें आहे. त्यापासून वैराट होईल, वैराज कदापि होणार नाहीं. बैराट या गांवानें तो टकार जपून ठेविला आहे. तात्पर्य, उच्चारसाम्यामुळें एक शब्द दुसऱ्याच्या जागीं बसला व क्षेत्राची नगरी झाली. पुढें ‘वाई’ हें नांव तरी वैराज यापासून निघालें असेल काय? प्राकृतांत दोन स्वरांमधील जकार लोपतो हें खरें, पण रकार असा सहज लोपत नाहीं. त्यापेक्षां वापी, वावी, वाई ही मालिका नियमास अधिक धरून आहे. यावर माझा आग्रह नाहीं. परंतु आधीं लोकनाम व मागून त्याचें संस्कृत रूप, असा क्रम आपल्या पुष्कळ क्षेत्रांच्या बाबतींत दिसतो.

लोहाऱ्याचीं लेणीं पांडवांचीं नसून बौद्ध भिक्षूंचीं आहेत, आणि तेथील स्तूपाचा अवशेष शिवलिंग म्हणून पूजिला जातो. म्हणजे मनुष्यवस्ती येथें फार जुनी आहे. पण ती सिद्ध करण्यास अज्ञातवासाची गरज नाहीं.

२. खान, कृष्णाबाई आणि आळ्या

आतां दुसरी एक कथा घेऊं. अफजलखान हा विजापूरकरांतर्फें वाईचा सुभेदार होता, व १६५९ सालीं शिवाजी महाराजांवर चालून आला तेव्हां त्याचा तळ याच गांवीं पडला. त्या संकटांत येथील ब्राह्मणांनीं, महाराजांस यश आल्यास कृष्णामाईचा उत्सव करूं, असा नवस केला. मार्गशीर्ष शुद्ध ७ शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ या दिवशीं प्रतापगडाखालीं खान पडला. आणि तेव्हांपासून कृष्णाबाईचा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा आहे.

हीहि परंपराच, मग ती विराटाच्या कथेच्या पंक्तीस कां बसवूं नये? भेद असा कीं, विराटाच्या कथेस ज्या ग्रंथाचा आधार सांगतात तोच ग्रंथ तिच्याविरुद्ध साक्ष देतो. नवसाच्या कथेविरुद्ध कोणतेंहि प्रमाण उभें राहत नाहीं; स्थळ, काळ व प्रसंग हीं तिन्ही ज्ञात इतिहासाशीं जुळतात. यासाठीं पहिली त्याज्य, व दुसरी ‘परंपरा’ या सदराखालीं ग्राह्य. सरसकट सर्व दंतकथा टाकणें हें सर्व कथा मानण्याइतकेंच आळशीपणाचें आहे.

शिवाय हा उत्सव गांवाच्या रचनेवर प्रकाश पाडतो. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपति आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह व गंगापुरी असे सात घाट, आणि प्रत्येकाचा उत्सव स्वतंत्र. थंडी सरूं लागली कीं एकामागून एक घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाईची मूर्ति पालखींतून येऊन नदीसन्मुख बसते, कीर्तन व पूजा होते, प्रसादाच्या पंक्ती उठतात, सुवासिनींचें हळदीकुंकू होतें. वर्गणी, मांडव, स्वयंपाक, सर्व आळीचें आळीनेंच पाहावयाचें. नळाचें पाणी घरोघर येईपर्यंत नित्याचा व्यवहारहि याच पायऱ्यांवर चाले : पहांटे स्नानसंध्या, मग तांब्याच्या घागरी, मग धुणें, आणि तिसऱ्या प्रहरीं पोरांचें पोहणें. आळी ही नुसती वस्ती नव्हे. घाट सांभाळणारी ती एक लहानशी पंचायतच होय.

३. रास्ते, मेणवली आणि पाठशाळा

वाईस आजचें रूप आलें तें पेशवाईंत. रास्त्यांचें मूळ आडनांव गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची कन्या गोपिकाबाई १७३० सालीं नानासाहेबांस दिली गेली आणि घराण्याचा भाग्योदय झाला. काशीविश्वेश्वराचें देऊळ १७५७ सालीं आनंदराव भिकाजींनीं, व ढोल्या गणपतीचें १७६२ सालीं गणपतराव भिकाजींनीं बांधिलें. या दुसऱ्या देवळाची पाठभिंत मत्स्याकार आहे. पुराचा लोंढा त्या टोंकावर दुभंगून दोहों बाजूंनीं निघून जातो, व भिंतीवर सरळ आघात होत नाहीं. मत्स्य देश येथें नव्हता, पण पाथरवटानें घडविलेला हा मत्स्य अडीच शतकांहून अधिक काळ पुराशीं झुंजतो आहे. वाईचा खरा अभिमान मला यांत दिसतो.

नदीच्या वरच्या अंगास मेणवलीस नाना फडणीसांचा वाडा व घाट आहे. तेथील घंटेवर १७०७ हा सन असून ती वसईकडील पोर्तुगीज देवळांतली आहे. याच वाड्यांतील मेणवली दप्तर रावबहादुर पारसनीसांच्या हातीं आलें, म्हणून उत्तर पेशवाईचा इतिहास लिहितां आला. विद्येची परंपराहि येथें खंडली नाहीं. नारायणशास्त्री मराठे, म्हणजेच केवलानंद सरस्वती, यांच्या प्राज्ञपाठशाळेंत १९१७ सालीं विनोबांनीं अध्ययन केलें. तेथूनच १९३७ पासून धर्मकोशाचे खंड निघूं लागले. आणि त्यांचेच शिष्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं मराठी विश्वकोशाचें कार्य वाईस आणून १९७६ सालीं त्याचा पहिला खंड प्रसिद्ध केला.

४. उपसंहार

सरदारांचे कागद वांचले म्हणून सरदारांचा इतिहास झाला. आळ्यांचा इतिहास अद्यापि लिहावयाचा आहे. त्याचीं साधनें म्हणजे उत्सवाचे जमाखर्च, वर्गणीच्या याद्या, घाटदुरुस्तीचे हिशेब, उपाध्यायांच्या वह्या. असलें कागद ज्या घरांत माळ्यावर पडले असतील, त्यांनीं ते रद्दींत घालण्यापूर्वीं एखाद्या जाणत्यास दाखवावे, निदान त्यांची नक्कल होऊं द्यावी. धोमचें धरण झाल्यापासून नदीची चाल पालटली आहे; घाटावरील जुन्या व्यवहाराचे साक्षीहि विरळ होत आहेत.

आणि गांवांतील शिक्षकांस एवढीच विनंति : एखादा मुलगा उभा राहून प्रश्न विचारील, तर त्यास खालीं बसवूं नये.