महाडचे पाणी आणि जलशाचे प्रयोजन

संगीताने समाज पालटतो काय, या प्रश्नाची चर्चा बहुधा रसशास्त्राच्या अंगाने होते. महाडच्या इतिहासात तिला निराळे वळण मिळते. सावित्रीच्या काठचा तुडीलचा खाडीपट्टा हा महाड तालुक्याचाच भाग होय. गोपाळबाबा वलंगकर यांचे रावढळ याच तालुक्यातले. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले, ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. म्हणजे 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, त्यापूर्वीच येथे विचाराची पेरणी झालेली होती. 1923 चा बोले ठराव आणि त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने 1924 मध्ये केलेला ठराव, हे कागदही तयार होते. परंतु कागदाने तळे खुले झाले नाही.

सत्याग्रहानेही ते तत्काळ झाले नाही, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. तळे खाजगी मालकीचे आहे, असा दावा काही सवर्णांनी न्यायालयात लावला. मनाईहुकूम आला आणि डिसेंबर 1927 मधील दुसरा सत्याग्रह स्थगित करावा लागला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला तो 17 मार्च 1937 रोजी. कृती आणि कायदा यांच्यामध्ये दहा वर्षांचे अंतर पडले. ज्यांच्यापर्यंत वृत्तपत्र पोचत नव्हते आणि पोचले तरी वाचता येत नव्हते, त्यांच्या मनात हा लढा त्या काळात जागता कसा राहिला, हा खरा प्रश्न आहे. सभा आणि परिषदा हे त्याचे एक उत्तर. जलसा हे दुसरे.

जलशाचा साचा नवा नव्हता. तमाशाचे अंग घेऊन सत्यशोधकांनी तो आधीच घडविला होता. 1930 नंतरच्या दशकात नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी यांनी तोच आंबेडकरी चळवळीच्या कामी आणला. ढोलकी, तुणतुणे, झांज, सवाल-जवाब आणि विनोद हे सारे राहिले. देवाच्या स्तवनाची व गौळणीची जागा मात्र पाणी, शिक्षण व स्वाभिमान या विषयांनी घेतली. यापेक्षाही महत्त्वाचा पालट गाणाऱ्याच्या स्थानात झाला. गावगाड्यात वाजविणे हे महारमांगांकडे सेवा म्हणून आलेले काम होते. कोणापुढे आणि कशासाठी वाजवावे, हे दुसऱ्याने ठरवावयाचे. जलशात ते गाणाराच ठरवू लागला. मुंबईच्या कामगारवस्त्यांत हे जलसे होत, आणि कोकणातली किती तरी घरे त्याच मुंबईच्या मजुरीवर चालत. गिरणीतला माणूस सणाला गावी परते, तेव्हा गाणे आणण्यास त्याला भाडे पडत नसे.

अशा रचनेस केवळ प्रचार म्हणून बाजूस सारणारे टीकाकार आहेत. कीर्तनही उपदेशासाठीच उभे राहिले होते, याचा त्यांना विसर पडलेला दिसतो. उलट बाजूने, गाण्याने क्रांती केली असे म्हणणेही इतिहासास धरून नाही. महाडला पाणी आधी प्यायले गेले. आंबेडकरी जलसा मागाहून उभा राहिला. कर्डकांनी पुढे 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हा ग्रंथ लिहून ठेवला, म्हणून त्यांच्या फडाची माहिती तरी उरली. बहुतेक फडांच्या वाट्याला असा लेखक आला नाही.