कुंभकाचा प्रश्न आणि श्वासाचे स्नायू

श्वास रोखून बसलेल्या मनुष्यास थोड्या वेळाने श्वास घ्यावाच लागतो. हा हुकूम त्यास कोणाकडून येतो? प्रश्न सामान्य दिसतो; परंतु त्याच्या उत्तराचा शोध शंभर वर्षांहून अधिक काळ चालला आहे, आणि त्या इतिहासातील एक प्रकरण महाराष्ट्रात, लोणावळ्यास, घडले आहे.

१८६८ साली व्हिएन्ना येथे हेरिंग व ब्रॉयर यांनी असे दाखविले की, फुप्फुसे फुगली म्हणजे त्यांची वर्दी एका मज्जातंतूच्या वाटेने मेंदूस पोचते व श्वास आत घेण्याची क्रिया थांबते. पुढे १९०५ साली ऑक्सफर्डच्या हॉल्डेन व प्रीस्टली यांनी सिद्ध केले की, शरीरातील कार्बन डायऑक्साइड वायूचे प्रमाण किंचित वाढताच श्वसन वाढते. फुप्फुसे वर्दी देतात, रक्त वर्दी देते व मेंदू हुकूम सोडतो, असे चित्र यातून तयार झाले. त्यात बरगड्यांमधील स्नायू आणि छाती व पोट यांमधील श्वासपटल यांच्याकडे केवळ ताबेदाराची जागा आली. वस्तुतः स्नायूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंतील पुष्कळसे धागे हुकूम नेणारे नसून स्नायूची खबर परत आणणारे असतात, हे शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८९४ सालीच दाखविले होते. पण श्वासाचे स्नायूही अशी खबर देत असतील आणि ती मनुष्यास जाणवत असेल, या विचारास महत्त्व येण्यास बराच काळ जावा लागला.

हिंदुस्थानात हा विषय निराळ्याच बाजूने पुढे आला. १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे बडोद्यास प्रो. माणिकराव यांच्या हाताखाली व्यायामविद्या शिकले व अमळनेर येथे राष्ट्रीय शिक्षणाच्या कार्यात पडले. नर्मदाकाठी माळसर येथील योगी माधवदासजी यांच्यापाशी त्यांनी योगाभ्यास केला. स्वामी कुवलयानंद म्हणून पुढे प्रसिद्धीस आले ते हेच. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिले आणि 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. योगाच्या क्रिया केवळ श्रद्धेने मानावयाच्या नाहीत, क्ष-किरण व दाबमापक यांच्या साक्षीने तपासावयाच्या, हा त्यांचा बाणा. १९२७ साली प्रकृती ढासळली असता गांधीजींनीही आसनांविषयी त्यांचा सल्ला घेतला होता.

कुवलयानंदांनी ज्या क्रिया तपासल्या त्यांत उड्डियान प्रमुख होते. त्यात साधक श्वास पूर्णपणे बाहेर सोडतो, कंठद्वार बंद करतो आणि जणू श्वास घेत आहे अशा रीतीने बरगड्या उचलतो. हवा तर आत येत नाही. म्हणून श्वासपटल वर ओढले जाते व पोट खोल जाते. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेहून कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले व त्या निर्वातास आपल्या गुरूंचे नाव दिले. याहूनही धीट असे त्यांचे दुसरे प्रतिपादन होते. प्राणायामाने शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, ही लोकप्रिय समजूत त्यांनी बाजूस सारली. प्राणायामाचे खरे मोल दाबाच्या चढउतारांमुळे मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, असे त्यांनी सांगितले. अनुमान मोठे होते. मात्र त्यांच्या उपकरणाला दाब सांगता येई, मज्जातंतूतून कोणती वर्दी गेली ते सांगता येत नसे.

ती बाजू पुढे दुसऱ्यांनी उजेडात आणली. १९५४ साली अमेरिकेत फाउलर याने काही माणसांना श्वास रोखावयास लावले. ते असह्य होताच त्यांना एका पिशवीतील हवेचे काही श्वास घेऊ दिले. त्या हवेत प्राणवायू कमी व कार्बन डायऑक्साइड भरपूर होता. त्यामुळे रक्ताची स्थिती सुधारणे शक्यच नव्हते. तरीही गुदमर तत्काळ ओसरली व त्यांना पुन्हा श्वास रोखता आला. हवा जुनीच, बदल झाला तो एवढाच, की छाती हलली. १९६३ साली इंग्लंडात कॅम्बेल व हॉवेल यांनी याचा अर्थ असा लावला की, स्नायू जितका ताण घेतो तितका तो आखडला नाही, म्हणजे कष्टाच्या मानाने फळ मिळाले नाही, तर त्या विसंगतीची जाणीव हीच धाप होय. १९६७ साली कॅम्बेल व सहकाऱ्यांनी निरोगी स्वयंसेवकांचे स्नायू कुरारी या औषधाने काही काळ लुळे केले. तेव्हा त्यांना श्वास कितीतरी अधिक वेळ रोखता आला आणि गुदमरही जाणवली नाही.

ही खबर देणारी इंद्रिये सूक्ष्म आहेत. बरगड्यांमधील स्नायूंत लांबी मोजणारी चात्यांच्या आकाराची इंद्रिये विपुल असतात. श्वासपटलात ती फार थोडी, तेथे ताण मोजणारी कंडरांतील इंद्रिये अधिक. बरगड्यांच्या स्नायूंस अडथळा झाला तर त्या वर्दीमुळे त्यांचा जोर वाढविता येतो.

तथापि या शोधाने जुने शोध खोटे ठरले नाहीत. १९९० साली बॅन्झेट व सहकाऱ्यांनी दाखविले की, सर्व स्नायू लुळे असतानाही रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढविला तर हवेची भूक लागतेच. म्हणजे साक्षीदार एक नाही, अनेक आहेत. कुवलयानंदांनी सारे आधीच सिद्ध केले होते, असे म्हणणे त्यांच्याच बाण्यास सोडून होईल; पण केवळ प्राणवायूचा हिशेब पुरेसा नाही, हे त्यांनी वेळीच ओळखले, हा मान त्यांचाच.

या ज्ञानाचे मोल रुग्णाच्या खाटेजवळ कळते. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम येथे १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, खेड्यांसाठी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अशा ठिकाणी चुलीच्या धुरात आयुष्य काढलेली बाई दम लागतो म्हणून येते. तिची छाती फुगलेली राहते, श्वासपटल सपाट होते. स्नायू राबतात, पण हवा पुरेशी खेळत नाही. रक्तातील प्राणवायू ठीक आढळला, तरी तिची तक्रार खोटी ठरत नाही. मराठीत दम लागणे, श्वास कोंडणे व जीव गुदमरणे हे शब्द वेगवेगळे आहेत. त्यांतील कोणता शब्द रुग्णाच्या तोंडी आला, हे वैद्याने लक्ष देऊन ऐकावे. कारण तिच्या स्नायूंची साक्ष त्या शब्दातूनच त्याच्यापर्यंत येत असते.