भूतकाळाची दोन रूपे : ज्यूल ब्लॉक, राजवाडे आणि खानदेश

रोलां बार्थ यांनी १९५३ साली फ्रेंच कादंबरीच्या लेखनाविषयी जे विवेचन केले, त्याचा आधार एक क्रियापदरूप आहे. हे रूप बोलण्यातून गेले आणि लेखनात राहिले. ते दिसताच वाचकाला आपण ‘साहित्य’ वाचत आहोत याची खूण पटते. ‘पासे सँप्ल’ म्हणजे साधा भूतकाळ, तो हाच. मराठी समीक्षेने बार्थ यांच्या संज्ञा उत्साहाने घेतल्या, परंतु मराठी निवेदनात या रूपाच्या जागी काय आहे, हा प्रश्न क्वचितच विचारला. त्याचे उत्तर व्याकरणाच्या इतिहासात शोधावे लागते आणि त्या शोधात खानदेशाला एक अनपेक्षित स्थान आहे.

फ्रेंचमध्ये भूतकाळाची दोन मुख्य रूपे शेजारी शेजारी नांदत आली. ‘इल शांता’ (तो गायला) हे लॅटिनमधील पूर्णभूताचे थेट वंशज. ‘इल आ शांते’ हे ‘आव्वार’ (जवळ असणे) या क्रियापदाला भूतकालवाचक धातुसाधित जोडून झालेले संयुक्त रूप, म्हणजे ‘पासे काँपोझे’. या दुसऱ्या रूपाचा मूळ अर्थ ‘केलेले माझ्याजवळ आहे’ असा, म्हणजे घटनेपेक्षा तिच्या फलाकडे पाहणारा. ‘पोर-रॉयाल’च्या १६६० मधील व्याकरणाने दोहोंची वाटणी करताना चोवीस तासांचा दंडक सांगितला : आज घडलेल्या गोष्टीला साधे रूप लावायचे नाही. संस्कृतज्ञाला येथे पाणिनीच्या ‘अनद्यतन’ भूताची आठवण व्हावी. आजचे आणि आजपूर्वीचे यांतील रेषा दोन परंपरांनी, परस्परांशी संबंध नसता, व्याकरणात आखली. पुढे संयुक्त रूप बोलण्यात सर्वत्र पसरले आणि साधे रूप ग्रंथात उरले. एमिल बेनव्हेनिस्त यांनी १९५९ साली ‘इतिहास’ आणि ‘संभाषित’ अशा निवेदनाच्या दोन पातळ्या मानल्या, त्या या अवस्थेच्या वर्णनातूनच. साधे रूप पहिल्या पातळीचे. तेथे बोलणारा कोणी नाही, घटना जणू स्वतःच सांगितल्या जातात. संयुक्त रूप दुसऱ्या पातळीचे. तेथे ‘मी’ आहे आणि ‘आज’ आहे.

साध्या रूपाचा हा लोप बेनव्हेनिस्त यांच्याआधी त्यांचे गुरू आंत्वान मेये यांनी १९०९ साली एका निबंधाचा विषय केला होता. मेये यांचेच दुसरे शिष्य ज्यूल ब्लॉक. मराठीच्या घडणीवरील त्यांचा प्रबंध १९१४ चा. महायुद्धामुळे तो ग्रंथरूपाने १९२० साली आला आणि वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. मराठीच्या इतिहासाचा हा ग्रंथ लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या भाषेत धातुसाधिताने जुन्या क्रियारूपाला नुकतेच हुसकावले होते, ही गोष्ट गौण मानता येत नाही.

मराठीत ही क्रिया फ्रेंचपेक्षा अधिक निर्दयपणे घडली. लङ्, लुङ् आणि लिट् ही संस्कृतची तिन्ही भूतकालवाचक रूपे प्राकृतांतच जवळजवळ संपली. त्यांचे काम ‘गत’, ‘कृत’ यांसारख्या धातुसाधितांकडे आले. त्यांना प्राकृतातील ‘-इल्ल’ या विस्तारक प्रत्ययाची जोड मिळून ‘गेला’, ‘केला’ सिद्ध झाले. येथे साधे रूप ग्रंथातही उरले नाही. म्हणून फ्रेंचमधील पेच मराठीत त्या स्वरूपात उभाच राहत नाही : ‘तो गेला’ हे बखरीत आहे, कादंबरीत आहे आणि चावडीवरही तेच आहे.

मूळ स्वभाव मात्र प्रयोगांत टिकून राहिला. ‘ती आली’ येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे, तर ‘त्याने चिठ्ठी लिहिली’ येथे कर्माप्रमाणे चालते. फ्रेंचमध्येही येणे-जाणे यांसारखी क्रियापदे ‘एत्र’ (असणे) घेतात व धातुसाधित कर्त्याशी जुळते. ‘आव्वार’ घेणाऱ्यांत ते कर्म आधी आल्यास कर्माशी जुळते. ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ यातला स्त्रीलिंगी प्रत्यय आणि फ्रेंच विद्यार्थ्याला छळणारा तो अनुच्चारित ‘ई’ हे एकाच जातीचे आहेत. कर्मणि रचनेला स्वामित्वाची छटा कशी येते, हे बेनव्हेनिस्त यांनी १९५२ च्या निबंधात प्राचीन फारसीच्या आधारे दाखवले; ‘आव्वार’च्या रचनेचे मूळ त्यामुळे उलगडते. व्याकरणाच्या वर्गात कर्तरी-कर्मणीचा हा धागा पकडला, तर मराठी विद्यार्थ्याचा फ्रेंच भूतकाळ निम्मा सोपा होईल. परंतु तो भूतकाळ बहुधा इंग्रजीच्या वाटेने शिकवला जातो आणि इंग्रजीत हा जुळणीचा प्रकारच नाही.

फलवाचक रूप घटनावाचक झाले की फलासाठी नवे रूप घडवावे लागते. बोली फ्रेंचने साहाय्यक क्रियापद दुप्पट करून ‘झे यु फिनी’ अशी रूपे घडवली. मराठीने प्रत्ययच दुप्पट केला : ‘गेला’चे ‘गेलेला’. या दोन ‘ल’कारांत एका पूर्ण फेऱ्याचा इतिहास साठला आहे.

तो फेरा पूर्ण होण्यापूर्वीची अवस्था कशी असावी, याची कल्पना खानदेशात येते. वि. का. राजवाडे यांनी ‘ज्ञानेश्वरी’च्या मराठीचे व्याकरण १९०९ साली, म्हणजे मेये यांच्या निबंधाच्याच वर्षी, प्रसिद्ध केले. त्यांचे अखेरचे दिवस धुळ्यात गेले, १९२६ साली तेथेच त्यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. धातुरूपांचा माग वैदिक भाषेपर्यंत आणि तिच्याही पलीकडे नेणारा हा संशोधक जेथे राहिला, त्या गावाभोवतीची बोली म्हणते : ‘तो गया’, ‘तो उना’, ‘पानी पडना’. या घटनावाचक रूपांत ‘ल’ नाही. परंतु ‘लिखेल शे’, ‘गयेल शे’ (लिहिलेले आहे, गेलेला आहे) यांत तो आहे. म्हणजे अहिराणीत ‘ल’ फलाकडे आहे, घटनेकडे नाही. प्रमाण मराठीने एका ‘ल’मध्ये मिसळलेला भेद येथे दोन रूपांत उभा आहे.

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने खानदेशीची नोंद मराठीच्या खंडात न करता १९०७ मध्ये भिल्ली भाषांबरोबर केली. ‘गया’ आणि गुजराती ‘गयो’ यांचे साम्य पाहता ती अगदीच निराधार म्हणता येत नाही. गुजरातीतही ‘गयो’ आणि ‘गयेलो’ अशी वाटणी आहेच. पण ज्या निकषावर बोलीला मराठीबाहेर काढायचे, तो निकष खानदेशालाच मधून छेदतो. बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) असोद्याची बोली लेवा गणबोली; तिच्यात ‘गेला’, ‘आला’ हीच रूपे चालतात. तिला सरसकट अहिराणी म्हणणाऱ्यांनी निदान भूतकाळ तरी ऐकावा. जळगाव-यावल-रावेरकडे ‘ल’ आणि धुळे-साक्री-अमळनेरकडे ‘ल’विरहित रूप, अशी ही रेषा एका प्रांताच्या आत पडते. अहिराणीची वाटणी हा प्राचीन अवशेष की गुजरातीच्या सहवासाचा परिणाम, यावर घाईने निकाल देणे बरे नाही. ध्वनिदृष्ट्या ‘गया’ हे ‘गत’ला ‘गेला’पेक्षा एक पायरी जवळ आहे, इतके निश्चित.

मग मराठीचे ‘साहित्यिक’ भूतकालरूप कोणते? ते ‘ल’कारात नाही. ‘तो येई’, ‘बसे’, ‘म्हणे’ हा रीतिभूतकाळ मूळचा वर्तमानकाळ. ‘ज्ञानेश्वरी’त ‘करी’ म्हणजे ‘करतो’. ‘करतो’ने वर्तमानाची जागा घेतल्यावर जुने रूप मागे सरून भूतकाळात गेले आणि बोलण्यात ‘यायचा’, ‘बसायचा’ आल्यावर ते पुष्कळसे लेखनापुरते राहिले. पासे सँप्लच्या सामाजिक स्थानाशी तुलना करायची तर याच्याशीच करावी, जरी अर्थाने ते फ्रेंच ‘अँपार्फे’च्या जवळ आहे.

आल्बेर काम्यू यांनी १९४२ च्या कादंबरीत निवेदनासाठी पासे काँपोझे वापरले. एका रूपाची ही निवड हेच बंड होते. वाक्ये सुटी होऊन बेटांसारखी दिसतात, हे सार्त्र यांनी १९४३ साली दाखवले. मराठी कादंबरीकाराला ती सोय नव्हती. यावल तालुक्यातील सांगवीच्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’चा (१९६३) निवेदक प्रारंभीच आपले नाव सांगतो आणि ‘आज’चे आपले वय नोंदवतो. बेनव्हेनिस्त यांच्या परिभाषेत हे संभाषिताच्या पातळीचे उद्घाटन. फ्रेंचमध्ये जे काम क्रियापदाने केले, ते येथे ‘आज’, ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ यांना करावे लागले, कारण ‘ल’कार बंड आणि परंपरा दोहोंना सारखाच उपलब्ध होता. घटना आणि फल यांना दोन रूपे देणारी बोली निवेदकाच्या गावापासून पश्चिमेला फार दूर नव्हती. परंतु कादंबरी लिहिली जात होती ती प्रमाण मराठीत आणि त्या बोलीमागे गद्य निवेदनाची दीर्घ परंपरा नव्हती. शिवाय त्या बोलीत ‘गया’ हे घराघरातले रूप. ग्रंथाचा गंध त्याला नाही.