देशमुखी: रयत आणि राजा यांच्या मधल्या जागेची कुळकथा

भोपाळचे टी. टी. नगर म्हणजे तात्या टोपे नगर. ज्यांचे नाव दिले ते तात्या येवल्याचे, आणि वसाहतीत राहायला आलेली पहिली पिढीही बरीचशी मराठी. १ नोव्हेंबर १९५६ ला नवे मध्य प्रदेश राज्य झाले, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या राज्याचे नागपूरचे सचिवालय भोपाळला हलले. फायलींबरोबर कारकून आले, अधिकारी आले, त्यांची बिऱ्हाडे आली. सरकारी क्वार्टरांच्या दारांवर देशमुख, देशपांडे, कुळकर्णी अशा पाट्या लागल्या. शेजारच्या दारावर मंडलोई, चौधरी किंवा कानूनगो. भाषा वेगळी, पण ही सगळी आडनावे एकाच कचेरीतली आहेत. फक्त ती कचेरी सचिवालयाच्या कितीतरी आधीची, आणि तिला इमारत नव्हती.

त्या कचेरीला परगणा म्हणत. गावाला पाटील आणि त्याचा हिशेबनीस कुळकर्णी. अनेक गावे मिळून परगणा, त्याला देशमुख आणि त्याचा हिशेबनीस देशपांडे. उत्तरेकडे याच जोडीला चौधरी आणि कानूनगो म्हणत, माळवा-निमाडात परगण्याच्या प्रमुखाला मंडलोई, कोकणात आणि कर्नाटकाच्या बाजूला देसाई. नव्या मध्य प्रदेशाचे दोनदा मुख्यमंत्री झालेले भगवंतराव मंडलोई खंडव्याचे होते. मराठे माळव्यात उतरू लागले तेव्हा इंदूरकडच्या राव नंदलाल मंडलोईंशी त्यांना संधान बांधावे लागले. परक्या फौजेला घाट कुठला, चारा कुठे, वसूल कोणाकडून आणायचा, हे सांगणारा माणूस परगण्यात तोच असे.

हे पद कोणत्या राजाने निर्माण केले, याचे उत्तर एका नावात देता येत नाही. फारसी दप्तरात देशमुख बहामनी काळापासून दिसू लागतो, पण प्रदेशाचा वंशपरंपरागत मुखिया ही व्यवस्था त्याहून जुनी आहे. जुन्या ताम्रपटांत ग्रामकूट म्हणजे गावाचा प्रमुख आणि राष्ट्रकूट म्हणजे प्रांताचा प्रमुख असे अधिकारी येतात. राष्ट्रकूट राजघराण्याचे नाव याच पदावरून आले, असे अ. स. अळतेकरांसारखे इतिहासकार मानतात. या कुळाच्या एका आरंभीच्या शाखेतल्या नन्नराजाचा ताम्रपट मुलताईला सापडला. मुलताई बैतूल जिल्ह्यात, भोपाळहून नागपूरला जाणाऱ्या वाटेवर. परगण्याचा मुखिया चढत चढत सम्राट झाल्याचे ते उदाहरण असेल, तर देशमुखांबद्दल पुढच्या प्रत्येक राजाच्या मनात धाकधूक का असे ते कळते.

देशमुख करी काय? सुलतानाचा हवालदार किंवा आमील दोन-चार वर्षांनी बदले. त्याला ना शिवार माहीत, ना माणसे. सारा किती बसेल हे गावांच्या वतीने देशमुख घासाघीस करून ठरवी आणि मग तोच वसुलीला हातभार लावी. दुष्काळात किंवा लुटालुटीत गाव उठले की कौल देऊन कुळे परत आणायची, पडीक जमिनीवर पहिली काही वर्षे कमी सारा लावून दरसाल चढवत न्यायचा, याला इस्तावा म्हणत. हाताशी पाइक बाळगायचे आणि राजाने बोलावले की घेऊन जायचे. वतनाचा किंवा हद्दीचा तंटा निघाला की गोतसभेत बसायचे. त्या सभेत देशमुख, देशपांडे, पाटील, बलुतेदार सगळे असत, आणि निवाड्याच्या महजरावर प्रत्येकाची आपापली निशाणी पडे. या कामाच्या बदल्यात इनाम जमीन, वसुलात टक्का, शिवाय प्रत्येक गावाकडून तूप, तेल, जोडे, बकरा अशी हक्क-लाजिम्याची यादी. शिरपाव, पहिला विडा हे मानपान वेगळे, आणि त्यांच्यासाठी भांडणे पैशाहून जास्त.

मावळच्या खोऱ्याखोऱ्यांत ही देशमुखी सर्वांत नाट्यमय दिसते. रोहिडखोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल, मोसेखोऱ्यात पासलकर. एकेक खोरे म्हणजे एकेक छोटे राज्यच. १६५९ मध्ये अफजलखान निघाला तेव्हा विजापूरहून या देशमुखांना फर्माने सुटली की शिवाजीला सोडून खानाला मिळा. उत्रवळीचे खंडोजी खोपडे मिळाले. कान्होजी जेधे ते फर्मान आणि आपली मुले घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. आजच्या वाचकाला ही स्वामिनिष्ठा वाटते. ती होतीच, पण वतन म्हणजे पगारी नोकरी नव्हे, पिढ्यांची मिळकत आणि खोऱ्यातली ओळख एकत्र, हे धरून पाहिले तर सोडलेल्या पाण्याची किंमत कळते. खोपडे पुढे हाती लागले. कान्होजींनी रदबदली केली म्हणून जीव वाचला, एक हात आणि एक पाय मात्र गेला.

देशमुखी काही पुरुषांचीच मिरास नव्हती. माहूरच्या देशमुखीण सावित्रीबाई मोगलांच्या बाजूने स्वतः फौज चालवीत, औरंगजेबाने त्यांना रायबागन हा किताब दिला, आणि १६६१ च्या उंबरखिंडीच्या लढाईत त्या शिवाजी महाराजांच्या विरुद्ध बाजूला होत्या.

ज्यांच्या जोरावर राज्य उभे केले त्याच देशमुखांना महाराजांनी पुढे आवर घातला. बखरकार सभासद लिहितो की वतनदार बुरुजांचे वाडे बांधून बळावले होते आणि गावाकडून मनमानी घेत होते. ते बुरूज पाडले, हक्क मोजून ठरवून दिले आणि वसुलाला सरकारी कमाविसदार नेमले. पण गंमत पाहा, १६४९ च्या सुमारास याच शिवाजीराजांनी मोगल दरबाराकडे जुन्नर आणि अहमदनगरच्या देशमुखीवर आपला हक्क सांगितला होता. पुढे सरदेशमुखी म्हणून दहा टक्के मागितले गेले ते याच नात्याने, देशमुखांचा देशमुख म्हणून. १७१९ मध्ये शाहूंना दख्खनच्या सहा सुभ्यांच्या सरदेशमुखीची सनद मोगलांकडून मिळाली. मला हा विरोधाभास वाटत नाही. जहागीर किंवा सरंजाम राजा देतो आणि राजाच काढतो. वतन सहसा कोणी काढत नाही. मोठमोठे सरदार एखाद्या गावच्या पाटीलकीसाठी धडपडत, आणि उत्तर हिंदुस्थान हालवणारे महादजी शिंदे स्वतःला पाटील म्हणवून घेत, यामागचे गणित तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटले आहे. दायाद म्हणजे भाऊबंद: वाटा मागणारा, आणि घरातून काढता न येणारा.

याच पद्धतीच्या पदाची दुसऱ्या टोकाची कथा पश्चिम आफ्रिकेत घानाच्या किनाऱ्यावर, केप कोस्ट आणि मँकेसिमच्या फांते लोकांत सापडते. त्यांच्यात राज्याचा प्रमुख ओमानहेन, त्याच्या हाताखाली विभागांचे प्रमुख आणि गावाला ओदिक्रो. विभागप्रमुखांची रचना लढाईच्या मांडणीवरून आलेली: एकाकडे आघाडी, एकाकडे उजवी बगल, एकाकडे डावी, एकाकडे पिछाडी, एकाकडे राजवाडा. लढाया संपल्या, मानाच्या जागा तशाच राहिल्या. विभागप्रमुख आपल्या भागातले जमिनीचे आणि घराण्याचे तंटे ऐकतो, वरच्या दरबारात आपल्या लोकांचे म्हणणे मांडतो. इथपर्यंत आपल्या गोतसभेतल्या देशमुखाला ते परके वाटले नसते.

फरक वारशात आहे. फांते लोकांत राजकुळ आईकडून चालते, आणि त्या कुळातला कोण बसेल हे थोरले निवडतात. प्रमुखाची खूण म्हणजे कोरीव लाकडी आसन. ते त्याचे नसते, पूर्वजांचे आणि लोकांचे असते. वागणूक बिघडली तर रीतसर आरोप ठेवून त्याला आसनावरून उतरवता येते. देशमुखी मात्र मिळकत होती. ती वाटली जाई, गहाण पडे, विकली जाई. थोरल्याला वडीलकीचा मान, धाकट्यांना हिश्शाप्रमाणे हक्क, आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीत एका परगण्याला डझनभर देशमुख. कामाला कोणी नाही, हक्काला सगळे हजर. माझ्या मते या पदाला इंग्रजांनी मारण्याआधीच त्याच्या वाटण्यांनी पोखरले होते.

या भांडणांचे एक देणे मान्य करायला हवे. हक्क शाबीत करायचा म्हणून घराण्यांनी करीने, महजर, शकावल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या, आणि वि. का. राजवाड्यांसारख्यांना त्या दप्तरांतून इतिहास हाती लागला. शिवजन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख जेधे शकावलीतून पुढे आली. टिळकांनी ती शकावली उजेडात आणली. भाऊ गुण्यागोविंदाने नांदले असते तर आपल्याकडे सतराव्या शतकाची निम्मी कागदपत्रे राहिली नसती.

इंग्रजांना देशमुखाची गरज उरली नाही. पगारी मामलेदार आला, जमिनीची मोजणी होऊन सारा थेट खातेदाराच्या नावे बसला, मग घासाघीस करणारा मध्यस्थ कशाला हवा? गॉर्डन साहेबाच्या बंदोबस्ताने बहुतेक देशमुख-देशपांड्यांची नोकरी माफ झाली आणि उत्पन्नाचा काही भाग सरकारला देऊन उरलेला त्यांनी ठेवायचा असे ठरले. म्हणजे काम गेले, मिळकत राहिली. निजामाच्या तेलंगणात उलटे घडले. तिथे काही देशमुखांनी हजारो एकर जमीन नावावर केली, वेठबिगार चालवली, आणि १९४६ पासूनच्या शेतकरी उठावात विसनूरच्या देशमुखासारख्यांविरुद्ध लोक हत्यार घेऊन उभे राहिले. मुंबई राज्यात परगणा आणि कुळकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा. गावपाटलाचे वंशपरंपरागत पद त्यानंतर १९६२ च्या कायद्याने संपले.

नाव मात्र टिकले, आणि ते जातीला बांधलेले नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांचे मूळ आडनाव सिधये, पंजाबराव देशमुखांचे कदम. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख कायस्थ प्रभू. भोपाळच्या क्वार्टरांत आलेल्या देशमुखांत अनेकांचा परगणा वऱ्हाडात, म्हणजे ज्या राज्याची नोकरी ते करू लागले त्याच्या हद्दीबाहेर.

तिकडे घानात फांते लोकांनी १८६८ मध्ये मँकेसिमला एकत्र येऊन आपला संघ केला. त्याच्या नेत्यांना इंग्रजांनी १८७१ मध्ये अटक केली. पण पद गेले नाही. स्वतंत्र घानाच्या १९९२ च्या संविधानात पारंपरिक प्रमुखांसाठी वेगळे प्रकरण आहे, संसदेला ही संस्था रद्द करता येत नाही, आणि विभागप्रमुख ही कायद्याने मानलेली पायरी आहे. सक्रिय पक्षीय राजकारण मात्र प्रमुखाला करता येत नाही. संसदेची निवडणूक लढवायची तर आधी आसन सोडावे लागते. आपल्याकडच्या देशमुखांवर अशी अट कधीच नव्हती. पद गेले आणि ते थेट निवडणुकीला उभे राहिले.