किमान वेतनात मुलांचा वाटा

कामगाराला मिळणारी मजुरी ही त्याच्या एकट्याच्या श्रमाची किंमत, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात भारतातील किमान वेतनाच्या सूत्रात त्याच्या मुलांचाही हिशेब धरलेला आहे. म्हणूनच वेतन महागाईच्या मागे पडले, की कात्री लागते ती मुलांच्या आहाराला आणि शिक्षणाला.

सूत्र काय सांगते?

किमान वेतन कायदा १९४८ मध्ये झाला. मात्र वेतन कशाच्या आधारे ठरवावे, याचे निकष त्यात नव्हते. ते १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने निश्चित केले. कामगाराचे कुटुंब तीन 'उपभोग एककां'चे मानण्यात आले. या हिशेबात कामगार १, पत्नी ०.८ आणि दोन मुले प्रत्येकी ०.६ एकक धरली जातात. प्रत्येक एककाला रोज २७०० उष्मांकांचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे आणि इंधन, दिवाबत्ती आदी खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के रक्कम असे हे सूत्र आहे. स्त्रिया व मुलांची कमाई त्यात धरू नये, असेही परिषदेने स्पष्ट केले. घर चालविण्यासाठी मुलाला कामाला जुंपावे लागू नये, हा त्याचा अर्थ होय.

मात्र या सूत्रात शाळेचा खर्च नव्हता. १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही उणीव भरून काढली. मुलांचे शिक्षण, औषधोपचार, सणसमारंभ, म्हातारपण व लग्नकार्य यांसाठी किमान वेतनात २५ टक्क्यांचा वाटा असावा, असे न्यायालयाने सांगितले.

वेतन अपुरे पडते तेव्हा

आठ तासांच्या मजुरीत भागत नसेल, तर आईवडील जादा पाळी किंवा दुसरे काम धरतात. धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी मोठ्या मुलीची शाळा बुडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलांचे शिक्षण मोफत केले. आईवडिलांचा वेळ मात्र मोफत मिळत नाही.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार हे याचे जवळचे उदाहरण. तेथे नवरा-बायकोची जोडी मिळून 'एक कोयता' मोजला जातो आणि मोबदला टनावर ठरतो. उचल फेडण्यासाठी जितके हात लागतील तितके हवेच असतात. हंगामात मुलेही फडावर जातात व गावातील शाळा मागे राहते.

आकडे आणि आक्षेप

देशपातळीवरील किमान वेतनाची मर्यादा २०१७ मध्ये दिवसाला १७६ रुपये करण्यात आली. तीही राज्यांवर बंधनकारक नव्हती. २०१९ मध्ये अनुप सत्पथी समितीने कुटुंबाची एकके तीनवरून ३.६ करून ३७५ रुपयांची शिफारस केली. महिन्याच्या २६ दिवसांचा हिशेब केला, तर ४,५७६ आणि ९,७५० रुपये असा हा फरक आहे.

वेतन वाढले तर रोजगार घटेल, असा आक्षेप घेतला जातो. लहान उद्योगांच्या बाबतीत तो सरसकट झटकून टाकता येणार नाही. मात्र अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात १९९२ मध्ये झालेल्या वाढीनंतर डेव्हिड कार्ड व अॅलन क्रूगर यांना उपाहारगृहांतील रोजगार घटल्याचे आढळले नाही. कार्ड यांना २०२१ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

पुढे काय?

२०१९ मध्ये संमत झालेली वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पूर्वी केवळ अनुसूचीतील रोजगारांना मिळणारे किमान वेतनाचे संरक्षण तिने सर्व क्षेत्रांतील कामगारांना दिले असून, केंद्राने ठरविलेल्या मर्यादेखाली राज्यांना जाता येणार नाही. अर्थात, दर जाहीर होणे आणि तो हातात पडणे यांत अंतर असते. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच एशियाड कामगारांच्या प्रकरणात बजावले होते. कागदावरील ०.६ एककाचा हा वाटा मुलाच्या ताटात पोहोचतो की नाही, यावरच नव्या कायद्याचे यश अवलंबून राहील.