अन्नाची ॲलर्जी आणि आतड्याची सहनशीलता

जो पदार्थ बाधतो तोच कणाकणाने खाऊ घालून त्याची सवय लावण्याचा उपचार शतकाहून जुना आहे. लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड स्कोफिल्ड यांनी १९०८ साली ‘लॅन्सेट’मध्ये अंडे न सोसणाऱ्या १३ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. त्याला अंड्याचा दहा हजारावा भाग असलेली गोळी रोज दिली, मात्रा हळूहळू वाढवली आणि काही महिन्यांनी तो मुलगा अंडे खाऊ लागला. गुण आला, पण कारण कोणालाच ठाऊक नव्हते.

कारणाचा पहिला धागा १९११ साली सापडला. अमेरिकेत गिडियन वेल्स यांनी गिनीपिगना आधी अंड्यातले प्रथिन खाऊ घातले आणि मग तेच टोचले. एरवी जीवघेणी ठरणारी प्रतिक्रिया या प्राण्यांत उमटली नाही. १९४६ साली मेरिल चेस यांनी त्वचेला ॲलर्जी आणणारी रसायने अशीच आधी पोटातून दिली, तेव्हा त्वचाही शांत राहिली. पोटातून गेलेल्या पदार्थाला शरीर शत्रू मानत नाही, असा याचा अर्थ होता.

यानंतर संशोधकांचे लक्ष बराच काळ दुसऱ्या बाजूकडे राहिले. १९६६-६७च्या सुमारास आयजीई हे प्रतिपिंड ओळखले गेले आणि अंगावर गांधी का उठतात, श्वास का कोंडतो याचा उलगडा झाला. ही प्रतिक्रिया आवरणाऱ्या पेशी मात्र १९९५ साली जपानच्या शिमोन साकागुची यांनी दाखवल्या. याच नियामक टी-पेशी. त्यांच्यासाठी आवश्यक असलेले फॉक्सपी-३ हे जनुक जन्मतः सदोष असलेल्या बालकांत इतर आजारांबरोबर आयजीईची वाढ आणि अन्नाची ॲलर्जीही आढळते. २००७ साली या पेशींच्या घडणीतला आतड्याचा वाटा स्पष्ट झाला. तिथल्या डेंड्रिटिक पेशी अन्नातील प्रथिनांचे अंश लसिका ग्रंथींत नेतात आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेटिनॉइक आम्लाच्या साहाय्याने नवख्या टी-पेशींना नियामक बनवतात.

याच सुमारास बालकांच्या आहाराचा सल्लाही बदलला. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तिसऱ्या वर्षापर्यंत शेंगदाणा देऊ नये असे सांगितले होते. २००८ साली तो सल्ला मागे घेतला गेला. २०१५ साली लंडनमध्ये गिडियन लॅक यांच्या गटाने ६४० बालकांवरील चाचणीचे निष्कर्ष मांडले. सुरुवातीच्या त्वचाचाचणीत ॲलर्जी न दिसलेल्या बालकांपैकी शेंगदाणा टाळणाऱ्या १३.७ टक्के मुलांना पाचव्या वर्षी ॲलर्जी होती, नियमित खाणाऱ्यांत १.९ टक्क्यांनाच.

स्कोफिल्ड यांच्या पद्धतीलाही अधिकृत रूप आले. २०२० साली अमेरिकेने शेंगदाण्याच्या पुडीचे ‘पालफोर्झिया’ हे औषध मंजूर केले. मात्र या उपचाराने सहसा फक्त सोसण्याची मर्यादा वाढते आणि मात्रा थांबली की ती अनेकांत पुन्हा घसरते. चार वर्षांखालील मुलांवरील २०२२च्या चाचणीत असा उपचार चालू असताना ७१ टक्के मुले शेंगदाणा सोसू लागली. थांबवल्यानंतर २६ आठवड्यांनीही ते २१ टक्क्यांनाच जमले. वय जितके कमी आणि आयजीई जितके अल्प, तितकी ही टिकाऊ सहनशीलता साधण्याची शक्यता जास्त होती.